दोघांची सही

वेर्तेर झोन्झिनीच्या शेजारी बसून मी देशाची प्रमुख होणार, हे कळलं तेव्हा बोर्गोच्या बाजारात बायकांनी पैजा लावल्या. मी शपथेच्या आधी त्याच्या तोंडावर थुंकणार की नंतर, एवढाच प्रश्न होता. थुंकणार नाही असं कुणालाच वाटत नव्हतं.

मी थुंकले नाही. काळा पोशाख घातला, गळ्यात पदाचं बिरूद अडकवलं आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवून चौक ओलांडला. सान मारिनोत राजा नाही, राष्ट्रपती नाही. सहा महिन्यांसाठी दोन कॅप्टन. दोघांचा अधिकार सारखा, दोघांची खुर्ची सारख्या उंचीची, आणि एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याचं हो पाण्यात. हुकूम निघतो तो दोघांच्या सहीने, दोघांच्या नावाने. आत काहीही भांडा, बाहेर तोंड एकच.

माझं आणि त्याचं तोंड एक! छत्तीस वर्षं मी त्या माणसाला "तुम्ही" म्हणत आले होते. आम्ही एकाच गल्लीत वाढलेलो, लहानपणी एका झाडाची चेरी चोरलेली. पण अठ्ठावन्न सालानंतर माझ्या तोंडातून त्याच्यासाठी कधी "तू" निघालं नाही.

त्या साली मे महिन्यात झोन्झिनींच्या दगडखाणीत सुरुंग उडाला आणि दोन पाथरवट मेले. सुरुंगाची वात पेटवण्याआधी तुतारी फुंकायची, तीनदा, म्हणजे खालची माणसं आडोशाला जातात. तुतारीचं काम माझ्या भावाकडे, दोरिनोकडे होतं. तुतारी वाजलीच नाही. मालकाचा मुलगा वेर्तेर तेव्हा बावीस वर्षांचा, मुकादमाचं काम बघायचा. त्याने चौकशीत शपथेवर सांगितलं, की दोरिनो सकाळपासून प्यायलेला होता, झाडाखाली झोपला होता, आणि वात कुणीतरी पेटवल्याचं आपण उशिरा पाहिलं.

दोरिनो म्हणाला, "मला त्यानेच पाणी आणायला झऱ्यावर पाठवलं होतं." पण बघणारे दोघं. त्यांतला एक जागीच मेला, आणि दुसरा, गास्पारे, दोन दिवसांनी दवाखान्यात. दोरिनोला शिक्षा झाली नाही, पुरावा तेवढा नव्हता. शिक्षा गावाने केली. झोन्झिनींनी खाणीखालच्या वळणावर एक शिळा बसवली. दोघा मृतांची नावं, आणि खाली कोरलेलं: सोबत्याच्या हलगर्जीपणामुळे. सोबत्याचं नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती.

दोरिनो ऑक्टोबरात फ्रान्सला गेला, लोखंडाच्या खाणीत. एकवीस वर्षं तिथे राबला आणि छातीत धूळ भरून तिथेच मेला. मी शाळेत मास्तरीण झाले. शाळेची वाट त्या वळणावरूनच जायची. रोज दोनदा आमच्या लिपीतली ती तेवीस अक्षरं माझ्या डोळ्यांत जायची. मुलांना मी अक्षरओळख शिकवायचे, आणि एकेक मूल मोठं झालं की त्या शिळेपाशी उभं राहून वाचायचं, मग माझ्याकडे बघायचं.

वेर्तेर खाण विकून पुढारी झाला. मीही विधानसभेत गेले, दुसऱ्या पक्षातून. सभागृहात तो बोलायला उठला की मी चष्मा पुसायला घ्यायचे.

कॅप्टन होण्याआधीच्या हिवाळ्यात इरिदे माझ्याकडे आली. गास्पारेची बायको. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी गांजलेली, तरी बर्फातून चढ चढून आली. मी पियादीना, आमच्याकडची पातळ पोळी, भाजत होते. ती बसली, कोट काढला नाही.

"नीवेस, डॉक्टर म्हणतो माझं काळीज आता फार चालायचं नाही."

"इरिदेताई, तुमचं काळीज वीस वर्षं झाली चालायचं नाही म्हणतंय."

ती हसली नाही. "गास्पारे मरण्याआधी बोलला होता. दोन दिवस शुद्धीत होता तो."

मी तवा खाली उतरवला.

"म्हणाला, दोरिनो झऱ्यावर होता. वात वेर्तेरने पेटवली. तुतारीची वाट बघायला त्याला वेळ नव्हता. खाली रस्त्याने सायकलींची शर्यत जायची होती त्या दिवशी, ती बघायला पळायचं होतं त्याला."

"सायकली," मी म्हटलं.

"वेर्तेर दवाखान्यात आला होता. पलंगापाशी गुडघ्यांवर बसला, रडला. म्हातारा झोन्झिनी दारात उभा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या घरी स्वयंपाकाला ठेवलं. पदरात दोन पोरी होत्या गं माझ्या."

छत्तीस वर्षं ही बाई मला बाजारात भेटत होती. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा हिने रस्सा आणून दिला होता. आई "माझा दोरिनो तसा नव्हता" म्हणत गेली, आणि ही उशाशी पंखा हलवत बसलेली! मला तिच्या अंगावर तवा फेकावासा वाटला. मी ओरडले नाही. ओरडून मोकळं व्हायचं नव्हतं मला.

"हे माझ्या स्वयंपाकघरात सांगून तुमची सुटका नाही," मी म्हटलं. "मी सांगेन तिथे सांगायचं. सांगेन तेव्हा."

ती म्हणाली, "सांगेन."

वकिलाने सांगितलं की काही उपयोग नाही. खटला भरायची मुदत केव्हाच संपली, आणि साक्षीदार म्हणजे मेलेल्या माणसाचं बोलणं ऐकलेली म्हातारी. मी आभार मानून बाहेर पडले. मार्चमध्ये विधानसभेने नवे कॅप्टन निवडले. आमच्या बाजूने माझं नाव, त्यांच्या बाजूने वेर्तेरचं. जोडी जमवणाऱ्यांना यात गंमत वाटली होती की समेट, मला माहीत नाही. माझा पक्षनेता म्हणाला, "बाई, नको असेल तर काहीतरी आजार सांगा."

"मी ठणठणीत आहे," मी म्हटलं.

कारण मला एक जुना नियम आठवला होता. कॅप्टन पदावर असताना त्याला कुणी हात लावू शकत नाही. पण पायउतार झाला की कुणीही नागरिक उठून तक्रार करू शकतो, की यांनी पदावर असताना अमुक केलं, तमुक करायला हवं होतं ते केलं नाही. मग दोन तपासनीस नेमले जातात आणि कालपर्यंत महामहिम असलेल्या माणसाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. जुन्या पापाचा जाब तिथे मागता येत नाही. म्हणजे त्याला नवं पाप करायला लावायचं.

शपथेनंतरच्या पहिल्या रविवारी लोक कॅप्टनांकडे अर्ज घेऊन येतात. त्या दिवशी कुणाला रस्त्याला दिवे हवे होते, कुणाला चेस्टनटच्या झाडांची छाटणी. रांगेच्या शेवटी इरिदे काठी टेकत आली. तिचा अर्ज चार ओळींचा होता: वळणावरच्या शिळेवरचे शेवटचे शब्द सरकारने काढून टाकावेत, कारण ते खरे नाहीत, आणि शिळा सार्वजनिक रस्त्यावर आहे. खाली तिची सही, वेडीवाकडी.

तिला बघून वेर्तेरच्या मानेवरची शीर उडायला लागली. मी शेजारीच होते, मला दिसली.

अर्ज विधानसभेपुढे जाऊ द्यायचा की नाही, हे कॅप्टनांनी महिनाभरात ठरवायचं असतं. आम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याला हात लावला नाही. मग एका सकाळी सेक्रेटरीने फाईल पुढे ठेवली.

मी सेक्रेटरीला म्हटलं, "लिहून घ्या. या अर्जात महामहिम झोन्झिनींचा संबंध येतो, कारण शिळा त्यांच्या घराण्याने लावली. माझाही येतो, कारण माझ्या भावाची गोष्ट आहे. म्हणून आपण दोघांनी न्याय करू नये, अर्ज विधानसभेकडे जाऊ द्यावा, असं माझं मत आहे."

सेक्रेटरीने लिहिलं. वेर्तेर खिडकीकडे बघत राहिला. त्या खिडकीतून खाली समुद्रापर्यंत दिसतं.

"नाही," तो म्हणाला.

"कारण?"

"जुन्या जखमा उकरण्यात लोकहित नाही."

"हेही लिहा," मी सेक्रेटरीला सांगितलं.

एकाने नाही म्हटलं, म्हणजे नाही. नकाराचं पत्र तयार झालं, दोघांच्या नावाने. वेर्तेरने सही केली आणि पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी भांडेन, उठून जाईन, पेपरवाल्यांना बोलावेन, असं त्याला वाटत असावं. मी पेन घेतलं आणि त्याच्या सहीशेजारी माझी सही केली. चांगली वळणदार. मुलांना गिरवायला देते तशी.

"सही केलीस?" तो म्हणाला. सेक्रेटरी गेल्यावर, अगदी हळू.

"नियम आहे. तोंड एकच असतं ना आपलं."

तो बिचारा त्याचा अर्थ भलताच समजला. त्या दिवसापासून माझ्यासाठी दार धरायला लागला. कॉफी आधी माझ्यापुढे सरकवायचा. भाषणाचा मसुदा मला दाखवायचा आणि मी त्यातलं त्याचं आवडतं वाक्य नेमकं खोडायचे. "आमच्या पूर्वजांच्या घामाने भिजलेला हा दगड" असं त्याने तीनदा लिहिलं. मी तिन्ही वेळा काट मारली.

"यात काय वाईट आहे, नीवेस?"

"घाम दुसऱ्यांचा होता."

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा करते आहे.

तीन सप्टेंबरच्या उत्सवात आम्ही धनुर्धाऱ्यांची स्पर्धा बघत शेजारी बसलो होतो. ऊन मऊ होतं, लोक आम्हा दोघांना हात हलवत होते. तो ओठ न हलवता म्हणाला, "दोरिनो वाईट मुलगा नव्हता. मी नेहमी म्हणतो हे."

"कुणाला म्हणता?"

त्याने समोरच्या लोकांना हात हलवला. मग म्हणाला, "तू मला माफ केलंस, हे मी विसरणार नाही."

मी टाळ्या वाजवल्या. बाण मधोमध लागला होता. खरं सांगते, आयुष्यात इतकी गोड दुपार मी दुसरी पाहिली नाही. सावज माझ्या शेजारी बसून माझेच आभार मानत होतं.

एक ऑक्टोबरला आम्ही बिरुदं उतरवून नव्या जोडीच्या गळ्यात घातली. दोन तारखेला सकाळी इरिदेने तक्रार दाखल केली. दोन्ही माजी कॅप्टनांविरुद्ध.

तपासनीस दोघंही वयस्क, सभ्य माणसं. लांब टेबल, पाण्याचा जग, आम्ही दोघं एका बाजूला. सहा महिन्यांची सवय म्हणून वेर्तेरने माझी खुर्ची ओढून दिली. आधी त्यांनी कागद वाचले. मग विचारलं, अर्जात तुमचा संबंध होता, हे तुमच्या सहकारी कॅप्टनांनी नोंदवूनही तुम्ही नकार का दिलात?

वेर्तेर म्हणाला, "माझा संबंध केवळ घराण्यापुरता. मला वैयक्तिक भीती कसली?" मग तो एकदम माझ्याकडे वळला. कागदावर त्याची नजर गेली होती. "हे अक्षर... हा अर्ज हिने लिहिलाय! सही इरिदेची असेल, पण बघा, हे हिचं अक्षर आहे! कॅप्टन असताना कॅप्टनकडेच अर्ज करते ही बाई!"

"हो," मी म्हटलं. "मी लिहिला. शपथेच्या आधी लिहिला, पण दिला तेव्हा मी कॅप्टन होते. आणि जो नकार चूक आहे असं मला वाटत होतं त्याच्यावर मी सही केली. तो ठपका माझ्यावर ठेवा. माझी काही तक्रार नाही. मला फक्त यांना इथे उभं करून एक प्रश्न विचारला जायला हवा होता."

तपासनिसांपैकी थोरले मला म्हणाले, "बाई, ही जागा त्यासाठी नाही."

"माहीत आहे. पण आता ते म्हणालेत, वैयक्तिक भीती नव्हती. ते खरं की खोटं, एवढं तरी तुम्हाला बघावं लागेल."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इरिदेला बोलावलं.

ती आली, बसली, आणि या खेपेला तिने कोट काढला. माझ्या स्वयंपाकघरात बोलली होती त्याहून मोठ्याने बोलली. झरा, वात, सायकली. वेर्तेर मान हलवत होता, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं दाखवत. मग ती म्हणाली, "गास्पारेने तुला विचारलं होतं, वेर्तेर. तू पलंगापाशी बसला होतास. तो म्हणाला, पोरा, शर्यत बघायला मिळाली का? आणि तू म्हणालास..."

"नाही मिळाली," वेर्तेर म्हणाला.

त्याच्या तोंडून निघून गेलं. पाण्याचा जग त्याच्यापुढेच होता, पण त्याने ग्लास उचलून ओठांशी नेला तो रिकामाच.

"मी वाट नाही पाहिली," तो म्हणाला. "तीन मिनिटं. बाबा म्हणाले, गेलेले परत येत नाहीत, आता राहिलेल्यांचं बघ. ते सांगतील तसं मी बोललो." मग माझ्याकडे न बघता, "मला वाटलं, तू मला माफ केलंस."

तपासनिसांनी आम्हा दोघांवरही ठपका ठेवला. त्याच्यावर स्वार्थापायी अर्ज दाबल्याचा, माझ्यावर पदाचा वैरासाठी वापर केल्याचा. अहवाल चौकात लागला. मी विधानसभेचा राजीनामा दिला. माझ्या पक्षाची माणसं म्हणाली, बाईंनी देशाच्या सर्वोच्च खुर्चीचा सापळा केला. बरोबर बोलत होती.

वसंतात विधानसभेने शब्द काढायला परवानगी दिली. त्या संध्याकाळी मी झोन्झिनींच्या दारात गेले. तो पायजम्यात होता, दाढी वाढलेली.

"उद्या माणूस लावतो," तो म्हणाला. "रिमिनीहून चांगला पाथरवट बोलावतो."

"तू," मी म्हटलं.

सदतीस वर्षांनी ते "तू" बाहेर पडलं आणि त्याला ते चपराकीसारखं लागलं. "मला छिन्नी धरता येत नाही, नीवेस. मी कधीच..."

"दोरिनोला येत होती."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती बाई कधी चारचौघांत बोलत नसे. ती फक्त म्हणाली, "जा, वेर्तेर."

अकरा दिवस लागले. मी घरून वेताची खुर्ची नेली आणि वळणावर मांडून बसले. पहिल्या दिवशी त्याने अंगठ्यावरच हातोडा मारला. दुसऱ्या दिवशी छिन्नी घसरून मेलेल्याच्याच नावाला ओरखडा गेला, तेव्हा मी म्हटलं, "सावकाश. घाई नाही. आज काही शर्यत नाहीये." तिसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. गुरुवारी बाजार भरतो, तेव्हा तर टोपल्या घेऊन बायका ओळीने उभ्या होत्या. देशाचा माजी प्रमुख गुडघ्यांवर बसून दगड खरवडतोय, पांढरी भुकटी केसांत, भुवयांत. कुणी हसलं नाही, हे मला थोडं लागलं. हसायला हवं होतं.

पाचव्या दिवशी इरिदे त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. मी खुर्चीतून उठले, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि रस्त्यावर ओतला.

"नीवेस," ती म्हणाली, "देवाला तरी भी."

"माझ्या आईच्या उशाशी तुम्ही बसला होता तेव्हा कुठे होता तुमचा देव?"

ती रडत निघून गेली. ऑगस्टात ती वारली, आणि मी तिच्या अंत्ययात्रेला गेले नाही. लोक मला यासाठीच नावं ठेवतात, वेर्तेरसाठी नाही. ठेवोत.

त्याने तेविसावं अक्षर सपाट केलं तेव्हा दुपार झाली होती. हात चिंध्यांत गुंडाळलेले. तो जमिनीवर बसूनच म्हणाला, "झालं का आता?"

मी शिळेवरून बोट फिरवलं. खोलगट, खडबडीत लागलं. "शब्द निघाले," मी म्हटलं आणि खुर्ची उचलून घरी आले. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. सूड घेऊन माणूस रिकामा होतो म्हणतात. मी झाले नाही.

अहवालाची प्रत मी दोरिनोच्या मुलाला पाठवली. मार्सेल त्याचं नाव, जन्म तिकडचाच. महिन्याने उत्तर आलं, मोडक्यातोडक्या भाषेत. बाबा खाणीत तुतारी वाजवायचे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, त्याने लिहिलं होतं. गाव का सोडलं विचारलं की म्हणायचे, तिथे चढ फार. घरी कधी काही बोलले नाहीत. आत्या, हे सगळं तुम्ही एकट्याच इतकी वर्षं सांभाळून होता का?

ते पत्र मी दोनदा वाचलं. माझा भाऊ तिकडे स्वच्छ नावाने जगला होता. त्याच्या पोरांसाठी तो साधा, चढ न आवडणारा माणूस होता. त्यांच्या घरात हा कलंक मीच नेऊन ठेवला होता, पुसून का होईना. अस्वस्थ वाटलं. दोन दिवस वाटलं. मग मी मार्सेलला लिहिलं, ये आणि बघून जा.

तो पुढच्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन आला. दोरिनोचेच खांदे. गुरुवारी त्याला बाजारात नेलं. मी गाजरं निवडत होते, तेवढ्यात वेर्तेर समोरून आला. फार वाळला होता. मार्सेलला बघून तो थबकला, ते खांदे त्याने ओळखले असणार. त्याने टोपी काढली. मार्सेल परदेशात वाढलेला, रीतभातीचा. म्हातारा माणूस टोपी काढतोय म्हणून त्याने हसून हात पुढे केला. वेर्तेरने तो दोन्ही हातांत धरला आणि सोडेना.

मार्सेलने माझ्याकडे बघितलं. "आत्या, कोण हे?"

मी गप्प राहू शकले असते. नुसतं "गल्लीतले जुने शेजारी" म्हटलं असतं, तरी खोटं ठरलं नसतं.

"हाच वेर्तेर झोन्झिनी," मी म्हटलं.

मार्सेलने हात ओढून घेतला आणि खिशात घातला. वेर्तेर तसाच उभा राहिला, दोन्ही हात पुढे धरून. भाजीवाली म्हणाली, बाई, किलोभर करू का? मी म्हटलं, करा.